अरेषीय समीकरण प्रणालींची संख्यात्मक उकल

अरेषीय समीकरण प्रणालींची संख्यात्मक उकल ही संख्यात्मक विश्लेषण या गणितशाखेतील एक मूलभूत समस्या आहे. दोन किंवा अधिक चलांतील अनेक समीकरणे एकाच वेळी पूर्ण करणाऱ्या किमती शोधणे, हे तिचे उद्दिष्ट असते. यातील किमान एका समीकरणात चलांचे वर्ग, गुणाकार, घातांकी किंवा त्रिकोणमितीय फल अशी अरेषीय पदे असतात. अशा प्रणालींचे उत्तर सूत्ररूपात मिळणे क्वचितच शक्य होते. म्हणून सुरुवातीला एक अंदाज घेऊन तो टप्प्याटप्प्याने सुधारत नेण्याच्या पुनरावृत्ती पद्धती वापरल्या जातात आणि त्यांची आकडेमोड संगणकावर केली जाते. शहरांची जलवितरण जाळी, वीजजाळ्यातील भारप्रवाह, ठिबक सिंचन संच आणि रासायनिक समतोल यांच्या अभ्यासात या पद्धतींचा नित्य उपयोग होतो. जलवितरण जाळ्यांच्या विश्लेषणात महाराष्ट्रातील संशोधकांनी महत्त्वाची भर घातली आहे.

## संकल्पना

शालेय अभ्यासक्रमातील दोन चलांतील रेषीय एकसामयिक समीकरणे आलेखावर दोन सरळ रेषा दर्शवतात. दोन रेषा एका बिंदूत छेदतात, समांतर असतात किंवा एकमेकींवर पडतात. त्यामुळे उत्तर एक असते, एकही नसते किंवा अनंत असतात. अरेषीय समीकरणे मात्र वक्र दर्शवतात आणि दोन वक्र कितीही ठिकाणी छेदू शकतात. त्यामुळे अरेषीय प्रणालीला किती उत्तरे आहेत, हे आधी सांगता येईलच असे नसते.

उदाहरणार्थ, ज्या आयताचा कर्ण ५ मीटर आणि क्षेत्रफळ १२ चौरस मीटर आहे, त्याच्या बाजू क्ष आणि य मानल्यास पुढील प्रणाली मिळते:

क्ष² + य² = २५
क्ष × य = १२

पहिले समीकरण वर्तुळ आणि दुसरे अपास्त दर्शवते. हे वक्र (३, ४), (४, ३), (−३, −४) आणि (−४, −३) या चार बिंदूंत छेदतात. आयताच्या बाजू ऋण असू शकत नाहीत, म्हणून शेवटची दोन उत्तरे गणिताच्या दृष्टीने बरोबर असूनही प्रश्नाच्या दृष्टीने निरर्थक आहेत. योग्य उत्तराची निवड गणनपद्धती करत नाही, ती गणन करणाऱ्याला करावी लागते.

सर्वसाधारण मांडणीत प्रत्येक समीकरणाची सर्व पदे एका बाजूला आणून दुसऱ्या बाजूला शून्य ठेवले जाते. चलांच्या अंदाजी किमती घातल्यावर डाव्या बाजूला जी किंमत उरते तिला अवशेष म्हणतात. सर्व अवशेष एकाच वेळी शून्याच्या पुरेसे जवळ आणणे, म्हणजे प्रणाली सोडवणे होय. किती जवळ आले म्हणजे पुरे, ही मर्यादा आधी ठरवावी लागते. तिला सहनमर्यादा असे म्हणतात.

## इतिहास

आयझॅक न्यूटन यांनी सुमारे १६६९ मध्ये बहुपदी समीकरणाचे मूळ क्रमाक्रमाने अचूक करत नेण्याची रीत मांडली. जोसेफ रॅफसन यांनी १६९० मध्ये तिचे अधिक सुटसुटीत रूप प्रसिद्ध केले. थॉमस सिम्पसन यांनी १७४० मध्ये ही रीत अवकलजांच्या आधारे मांडून दोन चलांतील दोन समीकरणांना लागू केली. समीकरण प्रणालींसाठी आज वापरली जाणारी न्यूटन-रॅफसन पद्धत या अर्थाने सिम्पसन यांच्या मांडणीपासून सुरू होते. पद्धत केव्हा नक्की यशस्वी होईल याच्या अटी लिओनिद कान्तोरोविच यांनी १९४८ मध्ये सिद्ध केल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकांमुळे शेकडो चलांच्या प्रणाली सोडवणे शक्य झाले. केनेथ लेव्हेनबर्ग (१९४४) आणि डोनाल्ड मार्क्वार्ट (१९६३) यांनी न्यूनतम वर्ग पद्धतीवर आधारित उपाय सुचवले. चार्ल्स ब्रॉयडेन यांनी १९६५ मध्ये अवकलज पुन्हा पुन्हा न काढता चालणारी पद्धत दिली, तर मायकेल पॉवेल यांनी १९७० मध्ये संकरित पद्धत मांडली. अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९८० मध्ये मिनपॅक हा फोरट्रान भाषेतील आज्ञावली संच प्रसिद्ध केला. आजच्या अनेक लोकप्रिय प्रणाल्यांच्या मुळाशी हाच संच आहे.

## न्यूटन-रॅफसन पद्धत

वक्राच्या अगदी लहान भागाकडे पाहिल्यास तो जवळजवळ सरळ दिसतो, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. सध्याच्या अंदाजापाशी प्रत्येक अरेषीय समीकरणाऐवजी त्याचे स्पर्शी रेषीय रूप घेतले जाते. मिळालेली रेषीय प्रणाली सोडवून दुरुस्ती काढली जाते व ती अंदाजात मिळवली जाते. नव्या अंदाजापाशी हीच कृती पुन्हा केली जाते.

रेषीय रूपातील सहगुणक म्हणजे प्रत्येक समीकरणाचे प्रत्येक चलाच्या संदर्भात काढलेले आंशिक अवकलज होत. त्यांच्या चौकटीला जर्मन गणितज्ञ कार्ल याकोबी यांच्या नावावरून याकोबी आव्यूह म्हणतात. वरील आयताच्या उदाहरणात पहिल्या ओळीत २क्ष व २य आणि दुसऱ्या ओळीत य व क्ष अशी पदे येतात. या आव्यूहाचा निश्चयक २क्ष² − २य² इतका येतो.

सुरुवातीचा अंदाज क्ष = ५, य = २ घेतल्यास पहिला अवशेष २५ + ४ − २५ = ४ आणि दुसरा १० − १२ = −२ येतो. याकोबी आव्यूहाची पदे १०, ४, २, ५ आणि निश्चयक ४२ येतो. क्रेमरच्या पद्धतीने क्ष ची दुरुस्ती −२८/४२ व य ची दुरुस्ती २८/४२ मिळते. म्हणजेच क्ष ०.६६६६७ ने कमी होतो आणि य तेवढ्यानेच वाढतो. पुढील टप्पे असे:

| टप्पा | क्ष | य | पहिला अवशेष | दुसरा अवशेष |
|---|---|---|---|---|
| ० | ५.००००० | २.००००० | ४.००००० | −२.००००० |
| १ | ४.३३३३३ | २.६६६६७ | ०.८८८८९ | −०.४४४४४ |
| २ | ४.०६६६७ | २.९३३३३ | ०.१४२२२ | −०.०७१११ |
| ३ | ४.००३९२ | २.९९६०८ | ०.००७८७ | −०.००३९४ |
| ४ | ४.००००२ | २.९९९९८ | ०.००००३ | −०.००००२ |

उत्तराच्या जवळ पोहोचल्यावर प्रत्येक टप्प्याला अचूक दशांश स्थळांची संख्या साधारण दुप्पट होते. या गुणधर्माला वर्गीय अभिसरण म्हणतात आणि पद्धतीच्या लोकप्रियतेचे हेच मुख्य कारण आहे.

याच उदाहरणातून पद्धतीच्या उणिवाही दिसतात. सुरुवात (२, ५) पासून केल्यास उत्तर (३, ४) मिळते, म्हणजे कोणते उत्तर मिळेल हे सुरुवातीच्या अंदाजावर अवलंबून असते. सुरुवात (३, ३) पासून केल्यास निश्चयक शून्य होतो आणि दुरुस्ती काढताच येत नाही. (३.१, ३) हा अंदाज उत्तराच्या जवळ असूनही तेथे निश्चयक केवळ १.२२ असल्याने पहिलीच दुरुस्ती अंदाजाला सुमारे (६.०६, १.०१) इतके दूर फेकते. येथे पुढील टप्प्यांत गणन पुन्हा मार्गावर येते, परंतु मोठ्या प्रणालींत तसे होईलच याची खात्री नसते.

## इतर पद्धती

* स्थिरबिंदू पुनरावृत्ती: प्रत्येक समीकरणातून एक चल वेगळा करून उजव्या बाजूत जुन्या किमती घालत जाणे. ही रीत सोपी असली तरी संथ आहे. मांडणी अनुकूल नसेल तर किमती उत्तरापासून दूरही जातात.
* ब्रॉयडेनची पद्धत: याकोबी आव्यूह प्रत्येक वेळी नव्याने न काढता मागील टप्प्यातील माहितीवरून सुधारला जातो. टप्पे काहीसे वाढतात, पण प्रत्येक टप्प्याचा खर्च कमी होतो.
* रेषाशोध: न्यूटन पद्धतीने दिलेली दिशा घ्यायची, मात्र अवशेष प्रत्यक्षात कमी होत नसतील तर पाऊल अर्धे किंवा त्याहून लहान करायचे.
* विश्वासक्षेत्र पद्धती: रेषीय रूप जेवढ्या परिसरात भरवशाचे वाटते तेवढ्यापुरतेच पाऊल टाकले जाते. पॉवेल यांची संकरित पद्धत आणि लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट पद्धत याच विचारावर आधारलेल्या आहेत.
* समस्थेयता पद्धती: ज्याचे उत्तर माहीत आहे अशा सोप्या प्रणालीपासून सुरुवात करून ती हळूहळू मूळ प्रणालीत बदलली जाते आणि उत्तराचा माग काढला जातो. बहुपदी प्रणालींची सर्व उत्तरे शोधण्यासाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

## जलवितरण जाळ्यातील उपयोग

नळातून पाणी वाहताना घर्षणामुळे दाब कमी होतो. ही दाबहानी पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे मीटरमध्ये मोजतात. हेझन-विल्यम्स सूत्रानुसार ती प्रवाहाच्या १.८५२ या घाताच्या प्रमाणात, तर डार्सी-वाइसबाख सूत्रानुसार साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा संबंध सरळ प्रमाणाचा नसल्याने जाळ्याची समीकरणे अरेषीय होतात.

जलकुंभातून निघून फक्त फाटे फुटत जाणाऱ्या जाळ्यात प्रत्येक नळातील प्रवाह म्हणजे पुढच्या सर्व वस्त्यांच्या मागणीची बेरीज असते. तेथे अरेषीय प्रणाली सोडवण्याची गरज पडत नाही. नळ एकमेकांना जोडून बंद वलय तयार झाले, की पाणी कोणत्या वाटेने किती जाईल हे आधी सांगता येत नाही. तेव्हा दोन नियम एकाच वेळी पाळावे लागतात. पहिला नियम असा, की प्रत्येक जोडबिंदूपाशी येणारे आणि जाणारे पाणी समान असते. दुसरा नियम असा, की वलयाभोवती फिरून मूळ जागी आल्यास दाबहान्यांची चिन्हांसह बेरीज शून्य येते.

अ, ब, क असे तीन जोडबिंदू असलेले त्रिकोणी जाळे विचारात घेता येते. 'अ' पाशी दर सेकंदाला ६० लिटर पाणी येते. त्यातील २० लिटर 'ब' पाशी आणि ४० लिटर 'क' पाशी वापरले जाते. अब, बक आणि अक या नळांतील दाबहानी अनुक्रमे ०.००२, ०.००९ व ०.००३ गुणिले प्रवाहाचा वर्ग इतकी मानली आहे. अब मधील प्रवाह प्र मानल्यास बक मध्ये प्र − २० आणि अक मध्ये ६० − प्र इतका प्रवाह असतो. वलयाची अट अशी होते:

०.००२ × प्र² + ०.००९ × (प्र − २०)² − ०.००३ × (६० − प्र)² = ०

सुरुवातीला प्र = ४० मानल्यास अवशेष ५.६ मीटर आणि अवकलज ०.६४ येतो. दुरुस्ती −८.७५, म्हणून नवा अंदाज ३१.२५. तेथे अवशेष ०.६१२५ व अवकलज ०.५, म्हणून पुढचा अंदाज ३०.०२५. त्यानंतर अवशेष ०.०१२ मीटर उरतो आणि तिसऱ्या दुरुस्तीने प्रवाह जवळजवळ नेमका ३० होतो. म्हणजे अब मधून ३०, बक मधून १० आणि अक मधून ३० लिटर पाणी वाहते. पडताळा घेतल्यास १.८ + ०.९ = २.७ मीटर ही अट पूर्ण होते.

अमेरिकी अभियंते हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हीच कृती एकेका वलयावर क्रमाने करत जाण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कागदावर हाताने करता येण्यासारखी असल्याने ती अनेक दशके प्रचलित राहिली. आजही स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती शिकवली जाते. संगणक आल्यानंतर सर्व वलये एकत्र सोडवणाऱ्या न्यूटन-रॅफसन पद्धतीचा वापर सुरू झाला. इटलीतील एत्सिओ तोदिनी आणि पिलाती यांनी १९८७ मध्ये प्रवाह व दाब दोन्ही एकत्र सोडवणारी प्रवणता पद्धत मांडली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली एपानेट ही विनामूल्य प्रणाली याच पद्धतीवर चालते.

प्रवाह वाढला की दाबहानी वाढतेच, या गुणधर्मामुळे मागणी ठरलेली असलेल्या साध्या नळजाळ्याला एकच उत्तर असते. त्यामुळे सुरुवातीचा अंदाज वेगळा असला तरी उत्तर बदलत नाही. मात्र एखाद्या नळातील प्रवाह शून्याच्या जवळ गेल्यास त्याचा अवकलजही शून्याजवळ जातो आणि गणन अडखळते. पंप, एकदिशा झडपा आणि दाबनियंत्रक झडपा असलेल्या जाळ्यांतही अशी अडचण येते.

## अपुऱ्या दाबाची समस्या आणि नागपूरमधील संशोधन

पारंपरिक विश्लेषणात प्रत्येक जोडबिंदूवरील मागणी पूर्ण होतेच, असे गृहीत धरले जाते. पाणी कमी असताना किंवा नळ लहान असताना हे गृहीत चुकीचे ठरते. अशा वेळी संगणक समीकरणे बिनचूक सोडवतो, परंतु टोकाच्या वस्तीत पूर्ण मागणी पोहोचत असल्याचे आणि तेथील दाब ऋण असल्याचे दाखवतो. प्रत्यक्षात त्या वस्तीच्या नळांना पाणीच येत नसते. येथे दोष उकल करणाऱ्या पद्धतीत नसून समीकरणांच्या मांडणीत असतो.

नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक प्रमोद भावे यांनी १९८१ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या नियतकालिकात या समस्येवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. जोडबिंदूवर प्रत्यक्ष मिळणारे पाणी हे आधी ठरलेले न मानता तेथील दाबावर अवलंबून असलेले अज्ञात मानावे, अशी मांडणी त्यांनी केली. या विश्लेषणाला जोडबिंदू प्रवाह विश्लेषण म्हणतात. दाबाधारित विश्लेषणाच्या आरंभीच्या कामांत त्याची गणना होते. भावे यांचा जलवितरण जाळ्यांतील प्रवाहाच्या विश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. राजेश गुप्ता यांच्यासह लिहिलेला दुसरा ग्रंथ २००६ मध्ये आला. हे महाविद्यालय २००२ पासून विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते.

पुढे वॅग्नर, शमीर व मार्क्स यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, मिळणाऱ्या पाण्याचे मागणीशी असलेले प्रमाण हे उपलब्ध दाब आणि आवश्यक दाब यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतके असते. हे दोन्ही दाब किमान दाबापासून मोजले जातात. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत दुमजली इमारतींसाठी १२ मीटर दाब सुचवला होता. किमान दाब शून्य धरल्यास, जेथे केवळ ३ मीटर दाब मिळतो तेथे ३/१२ चे वर्गमूळ, म्हणजे मागणीच्या निम्मेच पाणी पोहोचते. एपानेटच्या २०२० मधील २.२ या आवृत्तीत दाबाधारित विश्लेषणाची सोय अंतर्भूत करण्यात आली.

आयआयटी मुंबई येथे ग्रामीण नळयोजनांच्या आराखड्यासाठी जलतंत्र ही प्रणाली विकसित करण्यात आली आहे. ती मुख्यतः शाखायुक्त जाळ्यांसाठी असून, आवश्यक दाब राखून कमीत कमी खर्चाचे नळव्यास निवडण्याचे काम करते. शाखायुक्त जाळ्यात प्रवाह आधीच ठरत असल्यामुळे ही निवड रेषीय स्वरूपात मांडता येते.

## जालना जिल्ह्यातील संदर्भ

१ मे १९८१ रोजी स्थापन झालेला जालना जिल्हा मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण भागात येतो. २०१२-१३ च्या दुष्काळाची तीव्र झळ या जिल्ह्याला बसली होती. कुंडलिका नदीकाठी वसलेल्या जालना शहराला निजामकाळातील घाणेवाडी जलाशय आणि पैठणजवळील जायकवाडी प्रकल्प या दोन स्रोतांतून पाणी मिळते. घाणेवाडीचे पाणी गुरुत्वाने येते, तर जायकवाडीचे पाणी पंपांनी उचलून आणावे लागते. दोन स्रोत एकाच जाळ्याला जोडलेले असतील तर मधल्या भागातील नळांत पाणी कोणत्या दिशेने वाहील, हे दोन्ही बाजूंच्या दाबावर ठरते. पंपाचा दाब आणि प्रवाह यांचा संबंधही वक्र असतो. काही तासांपुरता किंवा काही दिवसांआड होणारा पाणीपुरवठा असलेल्या शहरांसाठी मागणी ठरलेली मानणारे विश्लेषण दिशाभूल करू शकते. तेथे दाबाधारित मांडणी वास्तवाच्या अधिक जवळ जाते.

ठिबक सिंचन: जिल्ह्यातील मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तर जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोट विकास आणि द्राक्षशेतीसाठी ओळखले जाते. अशा फळबागांत ठिबक संच वापरतात. ठिबकच्या प्रत्येक तोटीतून पडणारे पाणी तेथील दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात असते. साध्या तोट्यांसाठी हा घात सुमारे ०.५ असतो, तर दाब-समायोजी तोट्यांसाठी तो शून्याजवळ असतो. मात्र एखाद्या तोटीपाशी किती दाब उरेल हे तिच्या पुढच्या सर्व तोट्यांतून किती पाणी जाते यावर अवलंबून असते. प्रत्येक तोटीचे समीकरण असे इतरांत गुंतलेले असल्याने संपूर्ण नळी ही एक अरेषीय प्रणाली ठरते. बांधाजवळच्या आणि टोकाच्या झाडाला मिळणाऱ्या पाण्यातील फरक या प्रणालीच्या उकलीतून कळतो.

वीजजाळे: जालना हे लोखंडी सळ्यांच्या निर्मितीचे महत्त्वाचे केंद्र असून येथील पोलाद कारखान्यांत विजेवर चालणाऱ्या प्रवर्तन भट्ट्या वापरल्या जातात. एवढा मोठा भार जोडलेल्या जाळ्यात प्रत्येक उपकेंद्रावरील विद्युतदाब आणि त्याचा कलाकोन काढणे, याला भारप्रवाह विश्लेषण म्हणतात. शक्ती ही विद्युतदाबांच्या गुणाकारावर आणि कलाकोनांच्या त्रिकोणमितीय फलांवर अवलंबून असल्यामुळे ही समीकरणे अरेषीय असतात. टिनी आणि हार्ट यांनी १९६७ मध्ये विरळ आव्यूहांच्या तंत्रासह न्यूटन पद्धत वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. ती आजही या क्षेत्रातील प्रमाण पद्धत मानली जाते. भार वाढत जाऊन विद्युतदाब कोसळण्याच्या सीमेवर येतो तेव्हा याकोबी आव्यूहाचा निश्चयक शून्याकडे झुकतो. म्हणजे येथे गणनातील अडचण हीच प्रत्यक्ष धोक्याची सूचना असते.

रासायनिक अभियांत्रिकी: मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ मध्ये जालना येथे सुरू झाला. रासायनिक समतोल, बाष्प-द्रव समतोल आणि पुनर्चक्रण असलेल्या प्रक्रियांचे ताळेबंद हे या विद्याशाखेतील अरेषीय प्रणालींचे नेहमीचे प्रकार आहेत.

## संगणक प्रणाल्या

पायथन भाषेतील सायपाय या संचात 'एफसॉल्व्ह' आणि 'रूट' ही फले उपलब्ध आहेत. त्यांपैकी पहिले मिनपॅकमधील पॉवेल संकरित पद्धतीवर आधारित आहे. सायलॅब आणि जीएनयू ऑक्टेव्ह या मुक्त प्रणाल्यांत तसेच व्यावसायिक मॅटलॅबमध्येही 'एफसॉल्व्ह' याच नावाचे फल आहे. ज्युलिया भाषेतही यासाठी स्वतंत्र संच आहेत. लाखो चलांच्या प्रणालींसाठी पेट्सी आणि सनडायल्स हे संच वापरले जातात. लहान प्रश्नांसाठी एक्सेलमधील सॉल्व्हर हे साधनही पुरेसे ठरते.

या सर्वांत वापरण्याची रीत साधारण सारखी असते. वापरकर्ता चलांच्या किमती घेऊन अवशेषांची यादी परत देणारे फल लिहितो, सुरुवातीचा अंदाज देतो आणि सहनमर्यादा ठरवतो. अवकलज दिले नसल्यास प्रणाली प्रत्येक चल किंचित हलवून ते अंदाजाने काढते. चलांची संख्या वाढली की या कामाचा खर्च वाढतो. म्हणून मोठ्या प्रणालींत अवकलजांची सूत्रे देणे किंवा स्वयंचलित अवकलन वापरणे श्रेयस्कर असते.

आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅब, पायथन, ओपनमॉडेलिका आणि रासायनिक प्रक्रियांसाठीची डीडब्ल्यूसिम अशा मुक्त प्रणाल्यांचा शिक्षणात प्रसार करतो. याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे दृकश्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत.

## मर्यादा आणि उत्तराची पडताळणी

संगणकाने आकडा दिला म्हणजे उत्तर मिळाले, असे नसते. गणन थांबण्याची कारणे अनेक असतात. अवशेष शून्याजवळ आले, पाऊल फार लहान झाले किंवा पुनरावृत्तींची कमाल संख्या संपली, यांपैकी काहीही घडलेले असू शकते. बहुतेक प्रणाल्या उत्तरासोबत थांबण्याचे कारण दर्शवणारा एक स्थितिदर्शक आकडाही देतात. तो न पाहता उत्तर वापरणे ही नवशिक्या वापरकर्त्यांची सामान्य चूक आहे.

अवशेष लहान असणे हीदेखील पुरेशी खूण नाही. ई या स्थिरांकाचा ऋण क्ष हा घात शून्याइतका असावा, या समीकरणाला एकही उत्तर नाही. तरीही क्ष = २० घेतल्यास अवशेष सुमारे ०.०००००००००२ पट दहा, म्हणजे एक अब्जांशाच्या दुपटीएवढाच उरतो आणि ढिली सहनमर्यादा असलेली प्रणाली त्यालाच उत्तर मानते.

एककांची निवडही महत्त्वाची असते. जलजाळ्यात प्रवाह दर सेकंदाला घनमीटरमध्ये मांडल्यास ०.००१ हा अवशेष नगण्य वाटतो. प्रत्यक्षात तो सेकंदाला १ लिटर, म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर होतो. दरडोई १३५ लिटर या शहरी मानकाने ही ६४० माणसांची रोजची गरज आहे. म्हणून सर्व चल व समीकरणे सारख्या परिमाणाची होतील असे मापन करून घेणे आणि सहनमर्यादा प्रश्नाच्या स्वरूपानुसार ठरवणे आवश्यक असते.

उत्तराच्या पडताळणीसाठी पुढील उपाय सुचवले जातात:

* मिळालेल्या किमती मूळ समीकरणांत घालून अवशेष स्वतंत्रपणे काढणे.
* वेगवेगळ्या सुरुवातीच्या अंदाजांपासून गणन करून तेच उत्तर येते का, हे पाहणे.
* उत्तरापाशी याकोबी आव्यूहाचा निश्चयक शून्याजवळ तर नाही ना, हे तपासणे. तसा असल्यास माहितीतील लहानशी चूकही उत्तरात मोठा फरक पाडते.
* ऋण लांबी, ऋण दाब किंवा शंभर टक्क्यांहून अधिक प्रमाण अशा अशक्य किमती आल्यास मांडणी तपासणे.
* शक्य असेल तेथे प्रत्यक्ष मोजमापाशी तुलना करणे. जलजाळ्याच्या बाबतीत टोकाच्या नळावर दाबमापक लावून घेतलेली नोंद ही प्रतिमानाची खरी कसोटी असते.

## हेही पाहा

* संख्यात्मक विश्लेषण
* न्यूटन-रॅफसन पद्धत
* हार्डी क्रॉस पद्धत
* क्रेमरची पद्धत
* जायकवाडी प्रकल्प
* जालना जिल्हा